ऊस माझाच, टाकीही माझीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलबद्दल लिहायचे तर आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. कराड तालुक्यात माझा अडीच एकर ऊस आहे. कारखान्याने इथेनॉल काढायला घेतल्यापासून उसाचे बिल पूर्वीसारखे रखडत नाही, हे मी नाकारणार नाही. एका लिटर इथेनॉलच्या उसाला २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचा अहवाल सांगतो. पण कृष्णाकाठी बसून तो हिशेब काढणे मला जरा जड जाते. आज बोलायचे आहे ते दारातल्या २०१४ च्या पेट्रोल गाडीबद्दल.

गणित शिकवण्यात नोकरी गेली. त्यामुळे टाकी फुल्ल केली की किलोमीटर आणि लिटर वहीत लिहायची खोड आहे. २०१६ च्या सुमारास गाडी साडेसतराचे ॲव्हरेज देत होती, गेल्या वर्षभरात १६.३. रस्ता तोच, चालवणारा तोच. गाडी म्हातारी झाली हे खरे (चालवणाराही झालाच), पण सगळा दोष वयावर ढकलता येत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांशच ऊर्जा असते. २०१४ साली पेट्रोलमध्ये ते दीड टक्का होते. २०३० साठी ठरवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट सरकारने २०२५ मध्येच गाठले. जुन्या धाटणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाने २०२१ मध्येच लिहून ठेवले होते. असे मिश्रण साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त विकावे, हेही त्याच अहवालात आहे. पहिले खरे ठरले, दुसरे कागदावर राहिले.

माझी गाडी वर्षाला नऊ हजार किलोमीटर फिरते. म्हणजे ३८ लिटर जादा, सुमारे चार हजार रुपये.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की इथेनॉलची सरासरी खरेदी किंमतच लिटरला ७१ रुपये ३२ पैसे झाली आहे, शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या मूळ किमतीपेक्षा जास्त. तेव्हा स्वस्त कुठून देणार? असेल. त्या ७१ रुपयांत माझ्यासारख्यांचा उसाचा भावही आहे, मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? पण मग पंपावर निवड तरी द्या. १० टक्क्यांचे मिश्रण ज्यांच्या गाडीला मानवते, त्यांना ते विकत मिळू द्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये याविषयीची याचिका फेटाळली, पण त्याने सरकारला स्वतःहून निवड देण्याची बंदी झालेली नाही.

आपले मंत्री ज्या ब्राझीलचा दाखला देतात, तिथली गोष्ट अर्धीच सांगितली जाते. तिथे १९७५ पासून इथेनॉलचा कार्यक्रम चालू आहे आणि २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या मिळतात. पंपावर दोन्ही दर शेजारी शेजारी लावलेले असतात. इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्के दराच्या आत असेल तरच ते भरायचे, हा हिशेब तिथल्या साध्या चालकालाही येतो. हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहा. पेट्रोल १०४ रुपये धरले तर इथेनॉल ७३ रुपयांच्या आत मिळायला हवे. खरेदीच ७१ ला! म्हणजे पंपचालकाचे कमिशन आणि कर यांना मिळून दीड-दोन रुपये उरतात. इथेनॉलवरचा कर सरकार जवळजवळ सोडून देणार असेल, तरच फ्लेक्स-फ्युएल गाडी ग्राहकाला परवडेल. ती तयारी आहे का, हे कोणी सांगत नाही.

शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याच्या धास्तीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधन आले आणि पुढच्या हंगामासाठी ते उठले. पंधरा वर्षे वापरायची नवी फ्लेक्स-फ्युएल गाडी अशा लहरीवर कशी घ्यावी?

पुण्यातला मुलगा म्हणतो, बाबा, इलेक्ट्रिक घ्या, द्रुतगती मार्गावर टोलही माफ आहे. सीएनजीचा विचार केला होता, पण टाकीने डिक्की खाल्ल्यावर खताची पोती कुठे ठेवू? इलेक्ट्रिकचे मन होते. मग उन्हाळ्यात आमच्याकडची वीज आठवते. ठरत काहीच नाही.

परवा मेकॅनिकने पेट्रोलची रबरी नळी बदलली. जुनी नळी फुगल्यासारखी झाली होती. इथेनॉलने की वयाने, हे त्यालाही सांगता आले नाही. खर्च वहीत लिहून ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व ऊस उत्पादक,
ता. कराड, जि. सातारा