बिल्ला एकाचा, सायकल दुसऱ्याची

आमची जुनी एल्जिन सायकल नक्की कोणत्या कारखान्यातली, हे शोधायला ज्यांनी हातभार लावला त्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं घेत नाही. बहुतेकांची मला ठाऊकही नाहीत.

हँडलखालच्या बिल्ल्यावर विसंबण्यात अर्थ नसतो. एल्जिन हे सीअर्स या अमेरिकी विक्रेत्या कंपनीचं सायकली विकण्याचं नाव होतं. सायकली बनवायच्या वेस्टफील्ड, मरे अशा वेगळ्याच कंपन्या. माँटगोमेरी वॉर्ड या दुसऱ्या अमेरिकी विक्रेत्या कंपनीच्या हॉथॉर्न सायकलींचीही तीच गत.

दुरुस्तीच्या दुकानातल्या आजोबांनी हातातलं काम टाकून सायकल उलटी केली. पेडलच्या आसाभोवतीच्या नळीवरचं चिकट काळं वंगण फडक्याने पुसलं आणि खाली ठोकलेले आकडे खडू घासून उठवून दाखवले. पैसे विचारले तर हसले नुसते! ग्रंथालयातल्या बाईंनी १९३० च्या दशकातल्या कॅटलॉगची पानं काढून दिली. चेनच्या पुढच्या दातेरी चक्राची नक्षी त्या पानांशी ताडून पाहणारे गृहस्थ तर कमालीचे चिकाटीचे.

निघाली ती मॅसॅच्युसेट्सच्या वेस्टफील्डची, म्हणजे कोलंबिया सायकली बनवणाऱ्यांचीच. मागचा मडगार्ड मात्र भलत्याच सायकलचा आहे. अस्सल कोणाकडे पडून असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.