निकोबारची भरपाई हरियाणात? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री यांस,
स. न. वि. वि.

ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि वसाहत उभारण्याच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते करायचे आणि त्याबदल्यात हरियाणात झाडे लावायची, हा हिशेब आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवूनही मला जमत नाही.

एक उदाहरण घ्या. सतीबंदीवाल्या लॉर्ड बेंटिंकचे नाव मिरवणारी ताडकुळातली एक प्रजाती आहे, बेंटिंकिया. जगात तिच्या जाती दोनच. एक केरळ-तमिळनाडूच्या घाटांत, दुसरी निकोबारात. सख्ख्या बहिणी, पण मध्ये दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर. घाटातली सडपातळ. तिचा कोवळा कोंब हत्तींना इतका आवडतो, की आता ती मुख्यतः हत्ती पोचत नाहीत अशा कड्यांवरच उरली आहे. निकोबारात हत्ती नाहीत. तिथली बहीण चांगली उंचनिंच. हत्ती नाहीत म्हणूनच ती वाढली असे मी म्हणणार नाही, गणित इतके सोपे नसते.

बेटावर वाऱ्याने, लाटांवरून, पक्ष्यांच्या पोटातून मूठभर बी पोचते. परगावी गेलेल्या एकाच घराचे आडनाव पुढे गावभर व्हावे, तसे त्या मूठभरांचेच गुण साऱ्या वंशात उतरतात. पुढची निवड बेट करते. हवाई बेटांवर पाला ओरबाडणारी सस्तन जनावरेच नव्हती; तिथली रासबेरी जवळजवळ बिनकाट्याची झाली. गालापागोस बेटांवर सूर्यफुलाच्या कुळातल्या स्कॅलेशियाचे चक्क वृक्ष झाले. कॅनडाच्या किनाऱ्यालगतच्या चिमुकल्या बेटांवर तर थोड्याच पिढ्यांत बियांची उडण्याची ताकद घटली. ज्या म्हाताऱ्या दूर गेल्या त्या समुद्रात बुडाल्या, जवळ पडल्या त्यांचा वंश टिकला.

असली झाडे आपल्या बेटापुरती पक्की असतात, परक्यापुढे हतबल. हवाईत माणसाने शेळ्या-डुकरे नेली आणि बिनकाट्याच्या झाडांचे हाल झाले. बंदर म्हणजे जहाजे, आणि जहाजांमागून उंदीर नि तण.

तेव्हा एकही झाड पाडण्याआधी त्या पट्ट्यातल्या प्रत्येक वनस्पतीची यादी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून करून घ्या आणि जाहीर करा. कोणती जाती निकोबारबाहेर कुठेच नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असू द्या. अशी जाती जिथे उगवते ती जमीन प्रकल्पातून वगळा. हरियाणातही झाडे जरूर लावा, अरवलीला ती हवीच आहेत. फक्त ती निकोबारच्या खात्यावर मांडू नका.

आपला,
एक निवृत्त शिक्षक