सड्यावर धावायचे बूट

रत्नागिरी

प्रिय मंदार,

जुलैत इकडे येऊन सड्यावर, म्हणजे आमच्या कातळाच्या माळावर, धावायचा तुझा बेत वाचला, झकास आहे. बुटांचे एवढे फोटो पाठवून ‘यातला कुठला घेऊ?’ असं विचारलंस, पण त्यात तुझ्या पायाचा फोटो एकही नाही! रंग सगळे छान आहेत, त्यावरून मी काय सांगणार?

आधी पाय मोज, आणि तेही संध्याकाळी. दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगतात, धावताना आणखी फुगतात. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभा राहा आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय आखून घे. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात, मोठा असेल त्याच्या मापाने बूट घ्यायचा. सगळ्यात पुढे येणारं बोट अंगठाच असेल असंही नाही, काहींचं शेजारचं बोट लांब असतं. दुकानात बुटातलं सुटं इनसोल बाहेर काढून त्यावर उभा राहा. चवडा कडेबाहेर जात असेल तर तो बूट तिथेच ठेव. ‘वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणेल. त्याला म्हणू दे.

पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवीच, कारण आमच्याकडे उतार फार. सड्यावरून वाडीत उतरायचं म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, आणि तिच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या कधीच नसतात. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो, बोटं आदळतात आणि दोन दिवसांनी नखं काळी पडतात. तुझ्या सपाट ट्रॅकवर हे कळायचं नाही. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस ओवून फासा करायचा, म्हणजे टाच मागे घट्ट बसते. बूट घालून बघताना मोजे मात्र धावायचेच घाल.

तुझ्या फोटोंत आल्ट्रा कंपनीचा एक बूट आहे. पुढून ऐसपैस असतो, रुंद चवड्याला सुख. पण त्याचा ड्रॉप शून्य, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर. तुझे आत्ताचे बूट दहा मिलिमीटरवाले असतील तर एकदम त्यात उडी मारू नकोस. पोटरी आणि टाचेमागची शीर दोन्ही कुरकुर करतील. घ्यायचाच तर आत्ता घे आणि थोडं थोडं अंतर वाढव.

आता आमच्या जमिनीबद्दल, कारण खरी गंमत तिथेच आहे. उन्हाळ्यात कातळ इतका खरखरीत असतो की कुठलाही बूट त्यावर चिकटतो, फक्त रबर भराभर झिजतं. पावसात त्याच कातळावर शेवाळ चढतं. तळाला खोल दात असलेले बूट बघून तू खूश झालेला दिसतोस. पाच-सहा मिलिमीटरचे, लांब लांब बसवलेले दात भाताच्या खाचरांमधून जाताना कामाचे, त्यात चिखल अडकून राहत नाही. ओल्या कातळावर मात्र ते नुसते टोकांवर टेकतात. तिथे रबर मऊ हवं आणि जमिनीला टेकणारा भाग जास्त हवा. म्हणून मी चार मिलिमीटरच्या आसपासचे दात आणि चिकट रबर असलेला बूट घेईन. तळावर व्हिब्रॅम या तळवे बनवणाऱ्या कंपनीचा पिवळा शिक्का दिसतो ना, त्याची सुरुवात अशाच घसरण्याच्या धास्तीतून झाली. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सोबतचे सहा जण दगावल्यावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने रबरी तळव्याचा ध्यास घेतला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. तरी हिरव्यागार शेवाळावर कुठल्याच रबराचा भरवसा नाही. तिथे चालायचं, मुकाट्याने.

वॉटरप्रूफ बुटांवर जास्तीचे पैसे घालवू नकोस. इथे बुटात पाणी खालून कमी आणि वरच्या तोंडातून जास्त येतं. पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडताना घोट्यापर्यंत बुडालास की गोअर-टेक्सच्या वॉटरप्रूफ अस्तराच्या आत शिरलेलं पाणी आतच राहणार. त्यापेक्षा जाळीचा बूट बरा, भिजतो पण दहा पावलांत निथळतो. ओले बूट वाळवायला चुलीजवळ ठेवू नयेत, तळाचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते बदलत राहायचे. आमच्याकडे जुने पेपर ढिगाने आहेत, रद्दीवाला पावसात फिरकत नाही.

आलास की एक दिवस उक्षीला जाऊ. तिथे कातळात कोरलेला मोठा हत्ती आहे. तिथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चित्रावर मात्र बूट घालून चढायचं नाही, काठाने बघायचं.

तर कागदावर आखलेल्या दोन्ही पायांची लांबी-रुंदी कळव, मग त्या फोटोंमधला कुठला चालेल ते सांगतो. बूट निदान महिनाभर आधी घे. आणि आई विचारतेय, तू येशील तेव्हा फणस संपलेले असतील, तर फणसाचं वाळवलेलं साठं पाठवून देऊ की आल्यावर नेशील?

तुझा,
अव्या

ता. क. पायाच्या नखांची कात्री पिशवीत टाक. मागच्या वेळी माझीच नेलीस, ती पण आण.