चीक तोडू नका, जंताचे औषध द्या

संपादक महोदय,

मुरबाड-शहापूरकडच्या गोठ्यांत पारडू दोन-तीन आठवड्यांचे झाले, की कधी पांढुरकी, आंबूस वासाची हगवण लागते आणि दोष चिकावर, म्हणजे म्हैस व्याल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधावर, येतो; मग चीक पाजणेच तोडले जाते. म्हशीच्या अंगातल्या गोलजंताच्या सुप्त अळ्या ती व्याल्यावर दुधातून पारडात उतरतात, हे खरे. पण पोटात असताना वारेतून पारडाला प्रतिपिंडे, म्हणजे रोगांशी लढणारी द्रव्ये, मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि आतड्यात पहिल्या 24 तासांतच शोषली जातात. म्हणून जन्मानंतर दोन तासांच्या आत चीक पाजाच. 30 किलोच्या पारडाला दिवसभरात तीन लिटर. जंतांसाठी पारडू 10 ते 16 दिवसांचे असताना पशुवैद्यकाकडून वजनानुसार पायपरेझिन हे जंतनाशक द्यावे. हगवणीची वाट पाहिली, तर तोवर शेणातून जंतांची अंडी गोठाभर पसरतात. एकट्या म्हशीला जंतनाशक देऊन भागत नाही. सुप्त अळ्या त्याला सहसा दाद देत नाहीत.

– एक वाचक, मुरबाड (जि. ठाणे)