बिडीवाल्यांच्या हिरड्या टॉर्चने तपासू नका

महोदय,

मंडळांच्या आरोग्य शिबिरांत हल्ली दाततपासणी हमखास असते. चांगलंच आहे, पण ती होते कशी? मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. दिवसाला बंडलभर बिडी होती. आमच्या भागातल्या शिबिरात टॉर्च मारून विचारलं, "घासताना रक्त येतं का?" नाही म्हटल्यावर कार्डावर 'हिरड्या ठीक' लिहून पुढच्याला बोलावलं. बिडीचा विषयच नाही!

पुढे वर्षाच्या आतच रविवारी मटणाचं हाडूक फोडताना खालचे पुढचे दात हलायला लागले. हिरड्यांच्या डॉक्टरनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक काडी दात आणि हिरडीच्या फटीत घातली. आमचं खोली मोजायचं डेप्थ गेजच म्हणा की. निरोगी हिरडीत ती तीनपर्यंत जाते, माझ्या काही दातांना सहा-सात गेली. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी येतं आणि आत हाड मात्र झिजत राहतं. म्हणजे शिबिरातला तो प्रश्न बिडीवाल्याच्या बाबतीत फसवाच. हिरड्यांच्या आजारांच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर रोज दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याचा हा आजार सर्वांत वेगाने वाढणाऱ्या श्रेणीत धरतात.

भूल देऊन मुळांपर्यंतचं कीटण काढलं. डॉक्टरनी स्पष्टच सांगितलं, ओढणं चालू ठेवलंत तर फटी म्हणाव्या तशा भरणार नाहीत, आणि शस्त्रक्रियेचं तर नावच नको. गेलेलं हाड पूर्ण परत येत नाही, ते वेगळंच.

बिडी सोडल्यावर थोड्याच आठवड्यांत घासताना रक्त यायला लागलं. शॉपमधले म्हणाले, "बघ भावा, बिडी सोडलीस आणि रोग लागला!" डॉक्टर म्हणाले, रक्तपुरवठा सुधारतोय, घासणं थांबवू नका. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर माणूस घाबरून परत बंडल आणतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बऱ्याच फटी चारवर आल्या होत्या. एक दात मात्र काढावा लागला.

यंदा शिबिर ठरवताना मंडळांनी डॉक्टरांना आधीच विचारावं, काडी लावून मोजणार का? सगळ्यांना जमणार नसेल तर निदान बिडी-सिगारेटवाल्यांना तरी मोजा. आणि कार्डावर तंबाखू सोडण्याचा मोफत फोन, १८००-११-२३५६, छापायला काय जातंय?

— एक टर्नर, राजारामपुरी, कोल्हापूर