पोरांना लोनवर पाठवा, पण खेळवतील तिथं

संपादक साहेब, नमस्कार.

फुटबॉलमधली ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घ्यायचा-विकायचा काळ, उघडली की कोण किती कोटीला कुठं गेला हे तुमच्या क्रीडा पानावर ठळक येतं, पण त्याच आठवड्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरती उसनी दुसऱ्या क्लबात, कुठंकुठं जातात त्याची ओळसुद्धा नसते, आणि आलीच तर सूर असा की बिचाऱ्याला क्लबनं बाहेर काढलं.

इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केनचंच घ्या ना. लंडनच्या टॉटनहॅम क्लबनं त्याला २०११ च्या जानेवारीत लेटन ओरिएंटला पाठवला, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, आणि पोरगा होता सतरा वर्षांचा. पुढच्या वर्षी मिलवॉल, ती टीम तेव्हा रेलिगेशन, म्हणजे खालच्या डिव्हिजनला घसरणं, टाळायला धडपडत होती. अकादमीच्या मॅचमध्ये हरलं तर कोच बाजूला घेऊन समजावतो, इथं हरलं तर अख्खी टीम खालच्या डिव्हिजनला, लोकांच्या पगाराचा प्रश्न, आणि समोरचा तिशीतला डिफेंडर काय पोरगं आहे म्हणून कोपर आत घेत नाही. हे ट्रेनिंग ग्राउंडवर कोण शिकवणार? केननं तिथं गोल केले, टीम पण वाचली. मग नॉर्विचचं लोन पायाच्या दुखापतीत गेलं आणि लेस्टरला तर बेंच गरम करायची वेळ आली, वरच्या लीगमध्ये जाण्यासाठीच्या २०१३ च्या प्लेऑफचा तो फोटो अजून नेटवर फिरतो बघा, केन आणि जेमी वार्डी दोघं बेंचवर तोंड पाडून बसलेत. म्हणजे चारातली दोन लोनं जवळजवळ वायाच, आणि तोच केन पुढं टॉटनहॅमचा आणि इंग्लंडचा सगळ्यात जास्त गोल करणारा झाला.

बेकहॅम पण १९९५ ला प्रेस्टनला गेला होता, पाचच मॅच खेळला, पहिल्याच मॅचला डायरेक्ट कॉर्नरवरून गोल. परत आल्या आल्या मँचेस्टर युनायटेडनं त्याला लीगमध्ये उतरवला.

पण सगळंच गोड नाही. चेल्सीनं मधली काही वर्षं लोनचा धंदाच करून टाकला होता, एकेका सीझनला तीसपेक्षा जास्त खेळाडू बाहेर. लुकास पियाझॉन नावाचा ब्राझीलचा पोरगा, मालागा, व्हिटेस, फ्रँकफर्ट, रेडिंग, फुलहॅम, किएव्हो, रिओ आव्हे असं गाव गाव हिंडला आणि २०२१ ला क्लब सोडला तेव्हा चेल्सीच्या मेन टीमकडून फक्त ३ मॅच. याला अनुभव म्हणायचं का? माउंट, टॅमी अब्राहम, रीस जेम्स ही पोरं लोनवरून येऊन चेल्सीत खेळली खरी, पण २०१९ ला खेळाडू विकत घ्यायची बंदी आली म्हणून, नाहीतर तीही अजून कुठंतरी फिरत बसली असती असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी फिफानं २०२२ पासून दुसऱ्या देशात लोनवर द्यायच्या खेळाडूंवर मर्यादा आणली, आधी ८, मग ७, आता ६, आणि २१ वर्षांपर्यंतची क्लबातच तयार झालेली पोरं यात मोजत नाहीत, हे बरं केलं.

खरी गोम एवढीच की लोनवर घेणाऱ्या क्लबच्या कोचला तो पोरगा पाहिजे का. नुसता फुकट मिळतोय म्हणून घेतला तर तिथंही बेंचच. परदेशातले हुशार क्लब पोरगा देताना करारातच लिहून घेतात, पोरगा कमी खेळवला तर लोनचे जादा पैसे भरा. बरोबर आहे.

आता आपल्याकडं या. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेली पोरं इंडियन अ‍ॅरोज नावाची टीम करून आय-लीग या देशातल्या लीगमध्ये उतरवली, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पहिल्याच मॅचला चेन्नई सिटीला ३-० हरवलं आणि दोन गोल त्याचे. टीम तळाला राहिली, राहू दे की, पोरं दर आठवड्याला मोठ्यांशी भिडली ना. २०२२ ला ती टीमच बंद केली. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, गोल करायची जागा बहुतेक परदेशी स्ट्रायकरला, मग आपला वीस वर्षांचा स्ट्रायकर कधी खेळणार? आयएसएलच्या क्लबांनी अशी पोरं आय-लीगला लोनवर द्यावीत, आणि किती मिनिटं खेळवणार याची अट घालून द्यावीत.

आणि कोल्हापुरात तरी काय वेगळं आहे. शाहू स्टेडियमवर बघा, चांगला अठरा वर्षांचा पोरगा सत्तर मिनिटं लाइनवर वॉर्मअप करतो आणि टाइम काढायला शेवटच्या दोन मिनिटांत आत जातो, टाळ्या पण त्याला नसतात, बाहेर येणाऱ्याला असतात. मोठ्या तालमींनी, म्हणजे इथल्या फुटबॉल टीमनी, अशी दोन-तीन पोरं एका सीझनपुरती खालच्या डिव्हिजनच्या टीमला द्यायला काय हरकत आहे, असोसिएशननं नियमात तशी जागा करावी. आमच्याकडची ईर्षा बघता हे कोण मान्य करणार म्हणाल, पण पोरगा सीझन संपला की परत आपल्याच तालमीत येणार एवढं कागदावर घेतलं की झालं, आणि मधे आपल्याच विरुद्ध मॅच पडली तर त्या दिवशी त्याला खेळवायचं नाही, इंग्लंडमध्ये पण असंच करतात.

आपला,
एक फुटबॉलवेडा वाचक, कोल्हापूर