हातोडा तुझ्या हाती देताना

चि. चिऊ हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की दिवाळीनंतरच्या वर्गाला हँडपॅन हे हातांनी वाजवायचे पोलादी वाद्य घडवायला तू एकटी शिकवशील आणि मी नुसते समोर बसायचे. मी तेव्हा 'बरं' एवढेच म्हटले, कारण उरलेले फोनवर बोलवेना. गेल्या महिन्यात कान तपासून घेतले, तेव्हा उजव्या कानाला वरचे स्वर बरेच कमी ऐकू येतात असे निघाले. तांबट आळीत दिवसभर ठोक्यांचाच आवाज असे, त्यामुळे कान जपायचा असतो हे तिथे कुणाच्या मनातही येत नसे. तीच सवय घेऊन मी पोलादाकडे वळलो आणि पहिली कित्येक वर्षे कानात कापसाचा बोळासुद्धा घातला नाही. वर्गातले एकही मूल कान झाकल्याशिवाय हातोड्याला हात लावणार नाही, हे तू आजपासून पाहायचे आहेस.

तुझ्या आजोबांनी मला तांब्याचे हंडे मठारायला शिकवले. तांबे मायाळू असते. ठोकून कडक झाले तरी भट्टीत लाल केले की पुन्हा मऊ होते आणि झालेली चूक पोटात घालते. हँडपॅनच्या पोलादाचे तसे नाही. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्याचा पृष्ठभाग नायट्रायडिंगने, म्हणजे तापवून पोलादात नायट्रोजन मुरवून, आणखी कडक केलेला, आणि त्यावर पडलेला प्रत्येक ठोका आत ताण होऊन बसतो. तो ताण योग्य वेळी उष्णता देऊन काढावा लागतो, मग उतरलेला स्वर पुन्हा लावावा लागतो, आणि वाद्याचे वरचा-खालचा असे दोन्ही अर्धगोल चिकटवल्यावर तो पुन्हा सरकतो. सुरुवातीच्या काळात मी एका तरुणाला घाई करून वाद्य दिले, मधली भट्टी टाळली, आणि तीन महिन्यांत त्याचा मधला सा उतरला. मी वाद्य परत घेऊन त्याला नवीन करून दिले. पण तो पोरगा माझ्या दारात वाद्य छातीशी धरून, स्वतःचेच काहीतरी चुकले असेल अशा चेहऱ्याने उभा होता, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलांना पहिले दोन दिवस हातोडा देऊ नकोस, ऐकायला बसव. मधल्या घुमटाचा स्वर १४७ हर्ट्झच्या आसपास असला, तर त्याच पोलादातून २९४ आणि ४४० हे स्वरही निघायला हवेत, म्हणजे सा, वरचा सा आणि त्यावरचा पंचम. कडेच्या लांबट गोल स्वरस्थानांवर ही मांडणी हाताला चांगली कळते: लांबीच्या दिशेने वरचा सा राहतो, रुंदीच्या दिशेने पंचम. स्वरस्थानाच्या मधोमध बोट हलकेच टेकवून कडेला टिचकी मारायला सांग. मूळ स्वर दबला की वरचे दोघे उघडे पडतात, आणि पंचम चढला असेल तर तो तिथेच टोचतो. तानपुरा लावून बसलेल्या मुलांना हे लवकर उमगते, असा माझा अनुभव आहे. मोबाइलवरचा ट्यूनर आकडा दाखवतो आणि तो वापरावाच. पण तीन स्वर एकमेकांत विरघळले की नाहीत, हे मात्र कानानेच ठरवावे लागते. बहुतेक वाद्ये बिघडतात ती शेवटच्या ठोक्याने, स्वर लागल्यावर आणखी गोड करायला मारलेल्या ठोक्याने, आणि त्या क्षणी हात आवरणे हेच मला शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

हे वाद्य कुठून आले, तेही पहिल्याच दिवशी सांगत जा. त्रिनिदादमध्ये इंग्रजी राजवटीने ढोलांवर बंधने घातली, तेव्हा लोकांनी बांबू वाजवले, पुढे डबे, आणि मग तेलाच्या पिंपांतून सूर काढले. ते स्टीलपॅन १९९२ मध्ये त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि सबिना शेअरर ही जोडी स्टीलपॅन घडवत होती. घटम, म्हणजे दक्षिणेतले मातीचे घटवाद्य, वाजवणाऱ्या रेटो वेबर या तालवादकाने हातांनी वाजवता येईल असा, अनेक स्वरांचा पोलादी घट त्यांच्याकडे मागितला आणि २००० मध्ये त्यातून 'हांग' जन्मला, आपल्या हँडपॅनचा पूर्वज. बर्नच्या बोलीत हांग म्हणजे हात. आपल्याकडे कुणी हे वाद्य हिमालयातले प्राचीन वाद्य म्हणून विकू लागले की मला मनापासून राग येतो. पिंपे ठोकणाऱ्या त्या गरीब वस्त्यांचे श्रेय आपण का पुसावे?

कारखान्यात खिडकीखाली असावरीच्या स्वरांचे एक कवच झाकून ठेवले आहे. सात स्वर लागले आहेत. आठव्याचा मूळ स्वर आणि वरचा सा मी लावला, पण पंचम मला आता खात्रीने ऐकू येत नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही. तू आलीस की आधी तो लाव. मी शेजारी बसेन.

तुझे,
बाबा